नियमाची ओळ कापू नका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नेहमीच्या सुडोकूखाली हल्ली वेगळ्या नियमांचं एक सुडोकू येतं. नेहमीच्या सुडोकूत प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीन घरांच्या पेटीत १ ते ९ एकेकदाच येतात, या वेगळ्यात त्यावर आणखी एखादा नियम असतो. ते सुरू केल्याबद्दल आधीच आभार मानून घेते, कारण पुढचा मजकूर बराचसा तक्रारीचा आहे.

तीन आठवड्यांपूर्वीचं कोडं पिंजऱ्यांचं होतं. तुटक रेषेने काही घरं एकत्र बांधलेली आणि कोपऱ्यात बारीक आकड्यात त्यांची बेरीज. हा प्रकार मला नवा नाही. तासाभरात पाऊण चौकट भरली आणि एका वाकड्या पिंजऱ्यापाशी गाडी अडली. घरं तीन, बेरीज ६. पहिलं घर वरच्या पेटीच्या तळाशी, दुसरं त्याच्या बरोबर खाली, म्हणजे खालच्या पेटीत, आणि तिसरं दुसऱ्याच्या उजव्या हाताला, शेजारच्या पेटीत. तीन घरांत ६ म्हणजे १, २, ३, यात विचार कसला करायचा, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. मग सवयीने छापलेला नियम पुन्हा वाचला. त्यात एवढंच होतं की पिंजऱ्यातल्या अंकांची बेरीज कोपऱ्यात दिली आहे. पिंजऱ्यात अंक पुन्हा येऊ नये, हे वाक्यच नव्हतं. आता त्या पिंजऱ्याचं पहिलं आणि तिसरं घर बघा: आडवी ओळ एक नाही, उभी ओळ एक नाही, पेटीही एक नाही. म्हणजे छापलेल्या नियमाप्रमाणे १-४-१ चालायला हवं. बसवून पाहिलं, कोडं शेवटपर्यंत सुटलं. खोडून १, २, ३ धरून पाहिलं, तेही सुटलं. पुढच्या रविवारी तुम्ही एकच उत्तर छापलंत आणि माझं दुसरं उत्तर वहीत तसंच राहिलं.

कोडं रचणाऱ्याचा यात दोष नसावा. मूळ कोड्यात ते वाक्य असणारच. पानावर मजकूर दोन ओळींनी जास्त झाला असेल आणि 'हे तर सगळ्यांना माहीतच असतं' म्हणून कुणीतरी ते उडवलं असेल. मी चौतीस वर्षं वकिलाच्या कचेरीत टंकलेखिका होते. दस्तात 'किंवा'च्या जागी 'आणि' पडला की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. सगळ्यांना माहीतच असतं म्हणून गाळलेल्या वाक्यावरून माणसं वर्षानुवर्षं भांडतात. तुमच्या कोड्यात कुणाची जमीन जात नाही, हे मान्य. माझा रविवार मात्र गेला.

त्यानंतर याच सदरात एका गृहस्थांचं पत्र आलं. चौकटीत आकडे जवळजवळ नसतातच, नुसत्या रेघोट्या आणि टिंबं असतात, हा खेळ नसून छळ आहे, जुनं सुडोकूच बरं होतं, असा त्यांचा सूर होता. आणि तुम्ही घाबरलात! गेल्या रविवारच्या पिंजऱ्यांच्या कोड्यात तुम्ही २६ आकडे आयते भरून दिलेत. मी मुद्दाम पिंजऱ्यांकडे न बघता ते सोडवलं. वीस मिनिटांत सुटलं. एकाही बेरजेची गरज पडली नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कुणी वर साखर घालत नाही, पण तुम्ही तसंच काहीसं केलंत. सगळे पिंजरे नुसती वेलबुट्टी होऊन बसले.

त्या गृहस्थांचा त्रागा मला कळतो. साध्या सुडोकूची सवय झालेल्या डोळ्यांना रिकामी चौकट म्हणजे अपुरं काम वाटतं. साध्या सुडोकूत आकडे द्यावेच लागतात, कारण तिथे अंकांना किंमत नसते, ती नुसती चिन्हं असतात. भरलेल्या चौकटीत सगळ्या १ च्या जागी ७ आणि सगळ्या ७ च्या जागी १ लिहा, नियम कुठेच मोडत नाही. म्हणून उत्तर एकच यायचं तर नऊपैकी निदान आठ वेगवेगळे अंक आधीच दिसायला हवेत. दोन अंक गायब असले तर त्यांची अदलाबदल करून दुसरं उत्तर तयारच असतं. आणि कमीत कमी आकडे किती, याचा निकाल २०१२ साली लागला. डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर यांनी सहकाऱ्यांसह संगणक राबवून दाखवलं की १६ आकड्यांत एकच उत्तर असलेलं साधं सुडोकू होऊच शकत नाही, १७ लागतातच.

ही १७ ची मर्यादा साध्या नियमांपुरती. नियमांत एखादं वाक्य वाढवलं की आकडे मागे हटू लागतात. मला हे कळलं ते डोळ्यांमुळे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मान खाली घालायची नाही, बारीक वाचायचं नाही असं बजावलं होतं. मी चिडचिडी झाले होते. माझी नात तेव्हा महाविद्यालयात होती. तिने भिंतीवरच्या फळ्यावर हातभर चौकट आखली, पाचव्या ओळीत एक १ लिहिला, सहाव्या ओळीत एक २ लिहिला आणि म्हणाली, "आजी, हे सोडव. उभ्यानेच." मी विचारलं, बाकीचे आकडे कुठे आहेत? ती म्हणाली, "नाहीत. नियम आहेत." बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांवर तोच अंक येऊ नये. राजाच्या एका घराच्या चालीवर, म्हणजे तिरकं चिकटूनही, तोच अंक येऊ नये. आणि आडव्या किंवा उभ्या शेजारात क्रमाचे अंक, म्हणजे ४ च्या बाजूला ३ किंवा ५, येऊ नयेत.

हे कोडं मिचेल ली यांनी रचलेलं. २०२० च्या मे महिन्यात सुडोकू सोडवून दाखवणारे सायमन अँथनी यांनी ते यूट्यूबवर कॅमेऱ्यासमोर सोडवलं, आणि दोनच आकडे पाहून आधी त्यांनाही ही थट्टाच वाटली होती. अर्ध्या तासाच्या आत त्यांचं झालं. मला चार दिवस लागले, पण ते चार दिवस मी डोळ्यांबद्दल कुरकुर केली नाही असं घरातले सांगतात. साधं सुडोकू मला फळ्यावर जमलं नसतं. सव्वीस-सत्तावीस आकडे दुरून वाचून लक्षात ठेवायचे म्हणजे पुन्हा डोळ्यांवरच ताण. इथे लक्षात ठेवायची होती ती तीन वाक्यं. वाक्यं लक्षात ठेवायची सवय मला होती.

आता त्या गृहस्थांसाठी एक लहानसं उदाहरण देते. त्याला चौकट लागत नाही, एक ओळ पुरे. सुडोकूची एक आडवी ओळ घ्या, नऊ घरांची, पूर्ण रिकामी. तिच्यातल्या सलग आठ घरांतून एक रेष ओढा. नियम असा: रेषेवरच्या कोणत्याही दोन लागोपाठच्या घरांतल्या अंकांत निदान ५ चा फरक हवा. या प्रकाराला इंग्रजीत 'जर्मन कुजबूज' म्हणतात. मी नुसतं 'कुजबूज' म्हणते. आकडा एकही दिलेला नाही. किती कळतं?

५ रेषेवर येऊच शकत नाही, कारण त्याच्यापासून ५ च्या अंतरावर ० आणि १० आहेत, ते आपल्याकडे नाहीत. म्हणजे ५ रेषेबाहेरच्या नवव्या घरात गेला. ४ च्या शेजारी फक्त ९ बसतो. पण ओळीत ९ एकच, म्हणून ४ ला शेजारीही एकच मिळणार. एकच शेजारी असलेलं घर रेषेच्या टोकालाच असतं. तसंच ६ चं: त्याला फक्त १ चालतो, म्हणून तोही दुसऱ्या टोकाला. ४, ९, मग चार रिकामी घरं, मग १, ६. रेषेवर लहान आणि मोठे अंक आलटून पालटून येतात हेही आता दिसेल. मध्ये उरले २, ३, ७, ८. ३ ला ७ चालत नाही, फरक ४ च पडतो. म्हणून ३ ला ९ आणि ८ यांच्यामध्येच बसावं लागतं. झालं: ४ ९ ३ ८ २ ७ १ ६. एकही आकडा न देता आठ घरं भरली. फक्त डावीकडून वाचायचं की उजवीकडून, एवढंच ठरायचं राहिलं. यात छळ कुठे आहे ते त्यांनी मला सांगावं. मला तर दस्तातल्या एका कलमातून पुढची सगळी कलमं उलगडावीत तसं वाटतं.

त्या ओळीत आणखी एक गंमत आहे, ती माझ्या अंगाशी आली म्हणून सांगते. प्रत्येक अंक १० मधून वजा करा. ४ चा ६, ९ चा १, ३ चा ७, असं करत गेलात तर ६ १ ७ २ ८ ३ ९ ४ मिळतं. म्हणजे तीच ओळ, उलट्या बाजूने.

मी स्वतः रचलेलं पहिलं कोडं कुजबुजीचंच होतं. सात रेषा, आकडा एकही नाही. दीड महिना खपले. एका चौकोनी वहीची जवळजवळ सगळी पानं खोडरबराने मऊ पडली. रेषा अशा टाकल्या होत्या की ४ ला एकीकडे दोन शेजारी मिळत होते, ते दोघे एकाच पेटीत, म्हणजे दोघांनाही ९ होता येत नव्हतं, म्हणून ४ तिथून हद्दपार. त्या एका जागेचा मला फार अभिमान होता. नातीला दिलं. दोन दिवसांनी तिने वही परत केली आणि म्हणाली, "आजी, दोन उत्तरं येतात गं." मी तिलाच झापलं, की तुझं कुठेतरी चुकलं असणार. तिने दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. ८१ घरांपैकी कुठल्याही घरातले दोन अंक घ्या, बेरीज १०. ५ फक्त जागच्या जागी.

चूक माझ्या हाताची नव्हती, नियमातच होती. कुजबुजीचा नियम फरकावर चालतो, आणि सगळे अंक १० मधून वजा केले तरी फरक तेवढेच राहतात. आडवी-उभी ओळ आणि पेटी यांनाही त्याने धक्का लागत नाही. म्हणजे नुसत्या कुजबुजीच्या रेषांवर एकच उत्तर असलेलं सुडोकू जगात कुणालाच रचता येणार नाही, शंभर रेषा टाकल्या तरी. त्या आरशाला कुठेतरी तडा द्यावा लागतो: एखादा पिंजरा, किंवा एखादा दिलेला आकडा. तोही ५ सोडून, कारण ५ आरशात तसाच दिसतो. मी वरच्या कोपऱ्यात एक ३ लिहिला आणि कोडं उभं राहिलं. एक ३! तुमचे २६ आकडे बघून मला त्या ३ ची आठवण झाली, म्हणून हे इतकं लांबण लावलं. आकडा द्यायला माझी ना नाही. पण दिलेल्या प्रत्येक आकड्याला 'तू इथे कशाला?' असं विचारता आलं पाहिजे आणि त्याच्याकडे उत्तर असलं पाहिजे.

रचणं कसं चालतं ते पुष्कळांना उलटं वाटतं. लोक समजतात की आधी भरलेली चौकट घ्यायची आणि मग एकेक आकडा पुसत जायचा. यंत्र तसं करत असेल. मी रिकाम्या चौकटीत एखादीच खूण टाकते, ती जिथवर नेते तिथवर सोडवत जाते, आणि अडेल तिथे दुसरी खूण टाकते. म्हणजे सोडवणारा ज्या वाटेने जाणार ती वाट मी आधी एकदा चाललेली असते. शेवटी नात संगणकावर तपासते, उत्तर एकच येतं का ते बघायला. एका कोड्याला संगणकाने 'एक' म्हणून पास केलं, पण नातीला ते सोडवताना तीन ठिकाणी 'समजा इथे ७ आहे' असं धरून दहा-दहा पायऱ्या जावं लागलं. ते मी फाडून टाकलं. तुमच्याकडे येणाऱ्या कोड्यांपैकी काही अशी असतात, आणि त्या बाबतीत पत्रलेखक गृहस्थांशी मी सहमत आहे. तो छळच.

त्यांना जुनं सुडोकूच हवं असेल तर उद्याच्या अंकातल्या साध्या सुडोकूचं उत्तर घेऊन एक करून बघावं. मधल्या पेटीला बाहेरून वेढणारी सोळा घरं असतात, एक चौकोनी कडं. त्यातले सोळा अंक एका कागदावर लिहा. मग चौकटीच्या चारही टोकांना कोपऱ्यातली चार-चार घरं घ्या, तीही सोळाच. ते अंक दुसऱ्या कागदावर लिहा. दोन्ही कागदांवर तेच अंक निघतील, तितक्याच वेळा. एका बाजूला तीन ५ असले तर दुसऱ्या बाजूलाही तीनच. आजवर तुम्ही छापलेल्या प्रत्येक सुडोकूत हे होतं. याला फिस्टोमेफेलचं कडं म्हणतात, त्या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या जर्मन कोडेकारावरून.

मला हे आधी हातचलाखी वाटलं होतं. नातीने फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी पटवून दिलं. तांबड्या खडूने तिसरी आणि सातवी आडवी ओळ रंगवली, शिवाय मधल्या पट्ट्यातली डावी आणि उजवी पेटी. हे चार गट, प्रत्येकात १ ते ९ एकेकदा. निळ्या खडूने पहिली, दुसरी, आठवी आणि नववी उभी ओळ रंगवली. हेही चार गट, म्हणजे दोन्ही रंगांत नेमका सारखाच माल. जिथे दोन्ही रंग पडले ती घरं दोन्हीकडून पुसली. सारख्यातून सारखं गेलं, म्हणून उरलं तेही सारखंच. तांबड्यात उरलं ते कडं, निळ्यात उरले ते चार कोपरे. जमाखर्चाच्या दोन बाजू जुळाव्यात तसं. मी त्या संध्याकाळी खडू हातात धरून बराच वेळ उभी होते.

साध्या सुडोकूत हे कडं असून नसल्यासारखं, कारण आकडे इतके असतात की त्याच्याकडे बघायची वेळ येत नाही. कुजबुजीच्या किंवा पिंजऱ्यांच्या कोड्यात, जिथे आकडे नाहीत, तिथे तेच पहिलं दार असू शकतं. म्हणून म्हणते, आकडे भरून ते दार भिंतीत चिणू नका.

आता पुन्हा नियमाच्या वाक्याकडे येते, कारण हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुमच्याकडे छापलेल्या नियमांची कात्रणं मी जपून ठेवली आहेत. टंकलेखिकेच्या डोळ्याला त्यांत पुष्कळ खटकलं. 'शेजारच्या घरांत क्रमाचे अंक येऊ नयेत': तिरकं घर शेजारचं धरायचं की नाही? घोड्या-राजाच्या त्या कोड्यात एका नियमात तिरकं घर शेजारचं धरतात आणि दुसऱ्यात धरत नाहीत, तिथे हा एक शब्द सगळं बिघडवू शकतो. '१ आणि ९ यांच्या दरम्यानच्या अंकांची बेरीज बाहेर दिली आहे': ते १ आणि ९ बेरजेत धरायचे का? धरायचे नसतात. बाहेर ३५ लिहिलं असेल तर १ आणि ९ ओळीच्या दोन टोकांना, कारण २ ते ८ ची बेरीज ३५. बाहेर शून्य असेल तर दोघं एकमेकांना चिकटून. हे धरले-न धरले की दहाचा फरक पडतो. 'तापमापीवर अंक चढत जातात': तापमापी म्हणजे एका टोकाला फुगीर असलेली रेष, आणि अंक त्या फुगीर टोकाकडून चढतात हे लिहिलंच नव्हतं. तेव्हा मी उलट्या बाजूने चढवत बसले होते.

सगळ्यांत वाईट झालं ते टिंबांच्या कोड्यात. दोन घरांमध्ये पांढरं टिंब असेल तर अंकांत १ चा फरक, काळं असेल तर एक अंक दुसऱ्याच्या दुप्पट. एवढं तुम्ही छापलंत. पण मूळ प्रकारात बहुधा एक तिसरं वाक्यही असतं: शक्य ती सगळी टिंबं दिलेली आहेत. हे वाक्य दिसायला फुसकं आहे, पण कोड्याचा निम्मा भार त्याच्यावर असतो. ते असेल तर जिथे टिंब नाही तिथेही नियम लागू होतो: तिथे १ चा फरक नाही आणि दुप्पटही नाही. सबंध चौकटीतली प्रत्येक रिकामी फट बोलू लागते. ते नसेल तर रिकाम्या फटी मुक्या, आणि कोड्याला किती उत्तरं निघतील ते सांगता येत नाही. मी त्या रविवारी सगळी टिंबं दिली आहेत असं मनाने धरलं आणि सोडवलं, तेव्हा सुटलं. म्हणजे वाक्य मुळात होतंच. तुमच्याकडे गळालं. दस्तात आम्ही याला म्हणायचो की जे लिहिलं नाही तेही बांधून घेतं, पण तसं लिहिलेलं असलं तरच.

गंमत म्हणजे 'सुडोकू' हे नावच एका कापलेल्या वाक्याचं आहे. १९८४ साली जपानच्या निकोली या प्रकाशनाने हा खेळ आपल्या मासिकात छापला तेव्हा त्याचं नाव एक अख्खं वाक्य होतं, 'अंक एकटेच असले पाहिजेत' अशा अर्थाचं. तिथला शब्द अविवाहितांसाठीही वापरतात, म्हणजे ब्रह्मचारी अंक म्हणा. नाव लांब होतं म्हणून त्यांनी ते छाटलं. नियम नाही छाटला.

आणि जाता जाता कोडेकारांच्या नावाबद्दल. हा खेळ निकोलीच्याही आधी, १९७९ साली अमेरिकेत डेल या प्रकाशनाच्या कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' या नावाने आला. कोड्यावर रचणाऱ्याचं नाव नव्हतं. हॉवर्ड गार्न्स नावाचे ते निवृत्त वास्तुरचनाकार होते, हे पुढे मासिकाच्या सुरुवातीच्या नामावळीवरून शोधून काढावं लागलं. ज्या ज्या अंकात ते कोडं होतं त्या अंकाच्या यादीत त्यांचं नाव सापडलं. ते १९८९ साली वारले. लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये २००४ च्या नोव्हेंबरात सुडोकू सुरू झालं आणि तिथून जगभर पसरलं, ते काही त्यांना दिसलं नाही. तुम्ही शब्दकोड्याखाली नाव छापता. पिंजरे बांधणाऱ्याचं, रेषा ओढणाऱ्याचंही छापा. कोडेकाराचा हात ओळखू येतो. दोन-चार कोड्यांनंतर हा माणूस आपल्याला कुठून आत घेणार याचा अंदाज बांधणं हाही खेळाचाच भाग आहे.

जागेची अडचण मला कळते. टंकलेखनात समासही जपावे लागतात. उपाय सोपा आहे: चौकट थोडी लहान करा. माझे डोळे आता बरे आहेत. चौकट बोटभर लहान झाली तर चालेल, नियम अर्धा झाला तर चालत नाही. आणि सोपं करायचंच असेल तर आकडे ओतू नका, नियमाखाली लहानसं उदाहरण द्या, वरच्या त्या आठ घरांच्या ओळीसारखं. ते एकदा उलगडलं की पत्रलेखक गृहस्थ स्वतःच रिकामी चौकट मागतील, अशी माझी पैज.

या पत्रासोबत मी रचलेलं एक कोडं पाठवत आहे. पाच रेषा, दोन पिंजरे, दिलेला आकडा एक. नातीने हाताने सोडवलं आहे आणि संगणकावरही तपासलं आहे, उत्तर एकच आहे. नियमाची चार वाक्यं वेगळ्या कागदावर टंकलिखित करून जोडली आहेत. त्यातलं तिसरं लांब आहे. जागा कमी पडली तर माझं नाव गाळा, ते वाक्य गाळू नका.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका